तिकीट भेटलं, पण रात्री परत कसं यायचं? एका कॉन्सर्टचा केस स्टडी

पार्श्वभूमी

नावं बदलली आहेत, बाकी प्रकरण जसं घडलं तसंच आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं एक गाव. कोरडवाहू सात एकर, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन. घरात आई-वडील आणि अमरावतीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली पोरगी, तिला आपण रश्मी म्हणू. भिंतीला भिंत लागून चुलत्याचं घर, त्यांचा पोरगा सागर, चोवीस वर्षांचा, कृषी केंद्रात कामाला. माझं कारंज्यात ऑनलाइनचं दुकान आहे, पीक विमा, फेरफार, स्कॉलरशिपचे फॉर्म, रेल्वेचं तिकीट, जे येईल ते, आणि सागर दुपारच्या चहाला माझ्याकडेच बसतो, म्हणून हे सगळं बऱ्यापैकी माझ्या टेबलासमोर झालं.

रश्मी कोल्डप्लेवाली. खेड्यातली पोरगी इंग्रजी बँड कशी काय ऐकते असं कोणाला वाटत असेल तर त्यानं एकदा एसटीत कॉलेजच्या पोट्ट्यांच्या कानातले इअरफोन मागून पाहावे, स्वस्त नेट आल्यापासून तिथं काय काय वाजत असतं याचा पत्ता लागत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात हा बँड मुंबईत बीकेसीच्या मैदानावर वाजवून गेला तेव्हा ती सातवीत होती आणि घरचे लोक नोटबंदीच्या रांगेत. त्यानंतर आठ वर्षांनी बातमी आली, १८ आणि १९ जानेवारी २०२५, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम.

अडचण काय होती

तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ ला रविवारी दुपारी बारा वाजता उघडणार होती. रश्मी त्या दिवशी गावातच होती, गच्चीवर टाकीजवळ जिथं नेटवर्कच्या दोन काड्या येतात तिथं छत्री घेऊन बसलेली. ॲप आधी उघडेच ना, उघडलं तेव्हा रांगेतला नंबर सहा लाखांच्या वर. देशभर सगळ्यांचीच तीच गत होती. मागणी पाहून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा शो जाहीर झाला आणि तोही भरला. सरळ भाव २५०० पासून ३५,००० पर्यंत होता, खाली मैदानात उभं राहून पाहायचं ६४५०. संध्याकाळपर्यंत हीच तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखाच्या भावानं दिसायला लागली.

इथपर्यंत सगळ्यांसारखंच. पण खरी अडचण दिवाळीत बाहेर आली, ती रश्मीच्या वडिलांच्या तोंडून. त्यांना तोवर काहीच माहीत नव्हतं. पोरीचं खातं त्यांच्या मोबाइलला जोडलेलं, त्यावर तिकिटाचे साडेतीन हजार मैत्रिणीला गेल्याचा जुना मेसेज सापडला आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसली. सगळ्यांना वाटलं आता पैशावरून होते. ते पैशावर एक वाक्य बोलले, अर्धा क्विंटल कापूस चालला म्हणून, आणि मग म्हणाले, "तिकिटाचं राहू दे. रात्री अकरा वाजता त्या नव्या मुंबईत तू कुठी राह्यशीन, कायनं येशीन, हे सांग मले."

कोणाकडेच उत्तर नव्हतं. मुंबई-पुण्याच्या पोरांना हा प्रश्न पडत नाही, त्यांची लोकल किंवा कॅब असते. आपल्याकडून जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. कॉन्सर्ट संपते रात्री दहाला, कारण दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि विदर्भ एक्सप्रेस, अमरावती एक्सप्रेस, दुरांतो या आपल्या तिन्ही गाड्या मुंबईहून संध्याकाळी सात ते साडेआठच्या आत निघून गेलेल्या असतात. म्हणजे शेवटचं गाणं वाजतं तेव्हा तुमची गाडी इगतपुरीकडे लागलेली असते.

कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न तिकिटाचाच, तो दिवाळीच्या आधीचा.

सागरला टेलिग्रामवर एक माणूस भेटला होता. १८ तारखेचं, शनिवारचं तिकीट, १२,००० ला एक, अर्धे आधी अर्धे नंतर. शनिवार म्हणजे सोयीचा, कॉलेज बुडत नाही, दुकानाची सुट्टी मागावी लागत नाही. त्यानं तिकिटाचा फोटो पाठवला, सीट नंबर स्पष्ट. सागरनं तो मला दाखवला, मी म्हटलं थांब जरा, आणि रश्मीनं तोच फोटो होस्टेलच्या ग्रुपवर टाकला तर एका पोरीकडे डिट्टो तोच फोटो आधीच येऊन पडलेला, तोच सीट नंबर, फक्त विकणाऱ्याचं नाव वेगळं. विषय तिथंच संपायला पाहिजे होता. ऑक्टोबरात ईडीनं या काळ्या बाजारावर धाडी टाकल्याच्या बातम्याही आल्या.

दुसरा पर्याय रश्मीची पुण्याची मैत्रीण. तिला तिसऱ्या शोची चार तिकिटं लागली होती, ३५०० वाली, वरच्या स्टँडची. तिचे दोन भाऊबंद परीक्षेमुळे कटले. ती छापील भावात द्यायला तयार, पण तारीख २१ जानेवारी म्हणजे मंगळवार, आणि बुकिंग तिच्या नावावर, म्हणून चौघांनी एकत्रच आत जायचं.

तिसरा पर्याय नंतर आला. २५ आणि २६ जानेवारीला अहमदाबाद. ते स्टेडियम लाखाच्या वर माणसाचं, त्यामुळे तिकीट भेटायची आशा जास्त, आणि अकोल्याहून नवजीवन एक्सप्रेस थेट अहमदाबादला जाते. कागदावर हा पर्याय मला तरी चांगला वाटत होता. पण तिथं ओळखीचं कोणी नाही, आणि त्या दोन दिवसांत हॉटेलचे भाव ऐकून सागर खुर्चीवरून उठलाच.

चौथा म्हणजे घरी बसून पाहणं, २६ तारखेचा शो हॉटस्टारवर लाइव्ह होता. वडिलांचं मत अर्थात यालाच.

मग परत येण्याचा प्रश्न. सागरचं म्हणणं मित्राची अर्टिगा घ्यायची, कारंज्यालाच समृद्धीवर चढायचं, शो पाहायचा आणि रात्रीच परत निघायचं, सकाळी घरी चहा. टोल तेव्हा कारला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे, पाच जणांत वाटला तर काहीच नाही. ऐकायला एकदम भारी प्लॅन. पण समृद्धी त्या जानेवारीत इगतपुरीपर्यंतच होती, पुढचा भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा तुकडा जून २०२५ ला उघडला, म्हणजे कसारा घाट आणि भिवंडीचं ट्रॅफिक जुन्याच रस्त्यानं. एका बाजूनं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, तेही दिवसभर उन्हात उभं राहून, तीन तास ओरडून, रात्री अकराला स्टिअरिंगवर बसायचं. समृद्धीवर रात्री गाडी चालवलेल्याला माहीत आहे, सरळ रस्ता, ना वळण ना गाव, डोळा कधी लागतो ते कळत नाही. वडिलांनी फक्त सिंदखेडराजा म्हटलं. १ जुलै २०२३ ला तिथं ट्रॅव्हल्स जळून २५ माणसं गेली, त्या गाडीत आपल्या भागातलेही लोक होते. पुढं कोणी काही बोललं नाही.

मी एक पर्याय सुचवला होता, गीतांजली. ती सकाळी सहाला मुंबईहून सुटते, कल्याणला सातच्या आत येते, दुपारी अकोला. म्हणजे रात्र कल्याण स्टेशनवर काढायची आणि सकाळी निघायचं. दोन पोरं असती तर मी हाच पर्याय रेटला असता. रश्मीच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं बोललो नाही.

काय ठरलं आणि का

निर्णय एका बैठकीत झाला नाही, तुकड्या-तुकड्यानं झाला, आणि त्याचा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मैत्रिणीला हो म्हणायच्या आधीच रश्मीनं रेल्वेचं तिकीट काढून घेतलं होतं. ऑक्टोबरात रेल्वेचं आगाऊ बुकिंग १२० दिवसांचं होतं (१ नोव्हेंबरपासून ते ६० झालं), म्हणजे २० जानेवारीचं जायचं आणि २२ चं यायचं दोन्ही उघडलेलं होतं, मूर्तिजापूर ते कल्याण, स्लीपर, कन्फर्म. माझा हिशेब साधा होता, कॉन्सर्ट जमली नाही तर स्लीपरला दर तिकिटामागे माणशी १२० रुपये कटतील, बाकी परत. उलट केलं असतं, म्हणजे आधी सात हजार गुंतवून मग गाडी पाहिली असती, तर वेटिंगच्या लिस्टवर डोळे लावून बसावं लागलं असतं. (कारंज्याहून मूर्तिजापूरला आता एसटी किंवा काळीपिवळी. शकुंतला, म्हणजे यवतमाळहून कारंज्यावरून मूर्तिजापूरला जाणारी जुनी छोटी रेल्वे, चालू असती तर गोष्टच वेगळी होती, पण तो विषय काढला की आमच्याकडे संध्याकाळ जाते.)

मग मुक्काम. रश्मीची आत्या कोपरखैरण्याला राहते, तिचे मिस्टर वाशीच्या मार्केटला माथाडी. हे नातं सगळ्यांना माहीत होतं पण दोन्ही घरांत शेताच्या वाटणीवरून चार वर्षं बोलणं बंद. म्हणून रश्मी आणि सागरनं आत्याचं नावच घेतलं नव्हतं, मैत्रिणीच्या ओळखीनं कुठंतरी पीजीत झोपू असा त्यांचा विचार. आई म्हणाली, मी लावते फोन. वडील उठून गोठ्यात गेले. फोनवर पहिले पाच मिनिटं दोघी नुसत्या रडल्या म्हणे, मग आत्यानं विचारलं, "पोरगी मुंबईले येऊन राह्यली अन् माह्या घरी नाई येत, काहून?"

मुक्काम पक्का झाला तसं वडिलांचं उत्तर त्यांना भेटलं. हो म्हणाले नाहीत, पण विचारलं, थंडीचे कपडे लागतील का तिकडं.

आईचा आणखी एक हातभार. ती दरवर्षी पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेला जाते, शेगावला पायी गेलेली आहे. गर्दी काय असते हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तिनं दोघांना बसवून सांगितलं, मोबाइल लागणारच नाही असं धरून चाला. आत्याचा नंबर कागदावर लिहून एक खिशात, एक बुटात. भेटायची जागा आधीच ठरवा, अन् "हात सुटला त एकमेकाले शोधत फिरू नका, दोघंही फिरले त भेटत नाई, ठरलेल्या जागी जाऊन उभे राह्यजा." सागरला हसू आलं होतं तेव्हा.

प्रत्यक्षात काय झालं

२० ला रात्री गाडी, २१ ला पहाटे कल्याण, तिथून ठाणे, ठाण्याहून नवी मुंबईची लोकल. आईनं दिलेल्या दशम्या, ठेचा, तिळाचे लाडू सगळं आत्याच्या घरी उतरवलं, कारण आत मोठी बॅग आणि बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत हे आधीच वाचलं होतं. खिशात फोन, आधार, थोडे रोख पैसे, एवढंच.

मैत्रिणीशी भेट नेरुळ स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी दुपारी तीनला ठरली होती. ती पुण्याहून बसनं येत होती आणि ट्रॅफिकमध्ये अडकली. तोवर स्टेशनवर एवढी माणसं जमली की फोनला नेटवर्क दिसायचं पण कॉल लागायचा नाही, मेसेजवर एकच टिक. सागर म्हणाला चल गेटवर जाऊन पाहू. रश्मी म्हणाली नाही, इथंच. तासभर दोघं त्या खिडकीजवळ उभे, मागून लोकांचे धक्के, आणि सव्वाचारला ती मैत्रीण धापा टाकत तिथंच आली. बुकिंग तिच्या नावावर होतं, गेटवर गेले असते तर हिच्याशिवाय आत जाता आलं नसतं आणि तिला हे सापडले नसते. माझ्या मते पूर्ण दिवसातला हाच निर्णय खरा होता, बाकी सगळं त्यानंतर सरळ झालं.

आत जाताना हातात दिव्याचा पट्टा देतात, गाण्याबरोबर तो लांबून कंट्रोल होऊन रंग बदलतो, आणि जाताना परत करायचा असतो. स्टेज वरच्या स्टँडवरून लहान दिसत होतं, गाणारा माणूस पडद्यावरच पाहायचा. सागरला गाणी येत नव्हती, तो म्हणाला पहिला अर्धा तास मी लोकांकडेच पाहत होतो. मग अंधार झाला आणि अख्खं स्टेडियम एकदम पिवळं झालं, पन्नास हजारांच्या आसपास माणूस आणि प्रत्येकाच्या मनगटावर एकच रंग, त्याचा स्वतःचा हातही पिवळा, तेव्हा म्हणे आपोआप ओरडायला आलं. रश्मी काय म्हणाली ते मी विचारलं होतं, तिनं फक्त आवाज बसलेला दाखवला.

शो दहाच्या आसपास संपला. निघायच्या वेळेबद्दल आत्याच्या मिस्टरांनी सांगून ठेवलं होतं, नेरुळ स्टेशनला सगळे तुटून पडतील, तुम्ही अर्धा तास जागेवर बसा आणि मग जुईनगरकडं चाला, ठाण्याची गाडी तिथंही थांबते. तसंच केलं. बाहेर रिक्षावाले कोपरखैरण्याचे हजार मागत होते. जुईनगरलाही गर्दी होतीच, पहिल्या गाडीत चढता आलं नाही, दुसरीत सागर दाराला लटकत आला आणि रश्मी लेडीज डब्यात. इथं दोघं वेगळे झाले आणि रश्मीचा फोन व्हिडिओ काढून काढून बंद पडलेला. कोपरखैरण्याला उतरून ती प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरखाली उभी राहिली, कारण तेच ठरलं होतं. खाली आत्याचे मिस्टर स्कूटर घेऊन उभे. घरी पोचायला बारा वाजून गेले, आत्यानं त्या दशम्या गरम करून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप, संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्सप्रेस, २३ ला पहाटे मूर्तिजापूर, तिथं रश्मीचे वडील स्वतः गाडी घेऊन आले होते.

निकाल

खर्च असा. दोन तिकिटं ७०००, रेल्वे जाणं-येणं दोघांचं सोळाशेच्या आसपास, लोकल-एसटी-खाणं हजारभर, आणि आत्याच्या घरी न्यायला साडी-फळं, तो खर्च आईनं केला म्हणून मोजत नाही. रश्मीचे पैसे तिनं मेसच्या पैशातून वाचवलेले, सागरचे पगारातले. गावात आठ दिवस चर्चा झाली की एका रात्रीच्या नाचगाण्यासाठी एवढे पैसे. बोलणाऱ्यांतल्या एकानं मागच्या उन्हाळ्यात पोराच्या लग्नात नुसत्या डीजेला यापेक्षा किती तरी जास्त दिले होते, तेव्हा मी त्या चर्चेत पडलो नाही.

रश्मीचं एक प्रॅक्टिकल बुडालं, ते नंतर करून घेतलं. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, तिसऱ्या दिवशी गेली. दोन्ही घरांचं बोलणं सुरू झालं. वाटणीचा वाद तसाच आहे, पण मे महिन्यात आत्या माहेरी येऊन गेली.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांना सप्टेंबरातच सांगायला पाहिजे होतं हे रश्मी स्वतः म्हणते. मला ते पूर्ण पटत नाही. सप्टेंबरात सांगितलं असतं तर वडिलांनी सरळ नाही म्हटलं असतं, तेव्हा हातात ना तिकीट होतं ना गाडी. पण मैत्रिणीला पैसे पाठवायच्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. मेसेज वाचून कळणं आणि पोरीनं समोर बसून सांगणं यात फरक आहे, आणि वडिलांचा राग बराचसा त्याच फरकाचा होता.

आत्याचा विचार पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होता. भांडण मोठ्यांचं होतं, फोन करायला पोरांना कोणी अडवलं नव्हतं. आईनं मनावर घेतलं नसतं तर ही दोघं अनोळखी पीजीत झोपली असती आणि वडिलांना कळल्यावर गाडीचं तिकीट कॅन्सल झालं असतं.

छोट्या गोष्टी बऱ्याच. पॉवर बँक न नेण्यापेक्षा आत चालते का ते आधी पाहायला हवं होतं, निदान फोनवर व्हिडिओ कमी काढायचे. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये सहज भेटतात, वरच्या स्टँडलाही स्पीकर जोरात असतात. मैत्रिणीशी भेट तीनला ठरवली तशी एक दुसरी वेळही ठरवायला पाहिजे होती, की पाचपर्यंत कोणी आलंच नाही तर काय करायचं. रश्मी अजून किती वेळ थांबली असती ते तिलाही सांगता येत नाही.

आणि सागरचं टेलिग्राम. फोटो खोटा निघाला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण भाऊनं तोवर २००० रुपये टोकन म्हणून पाठवून दिले होते आणि हे तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. १९३० वर ताबडतोब फोन केला असता तर समोरचं खातं गोठवायची काही तरी शक्यता होती, पहिल्या काही तासांतच ती जास्त असते. माझ्या दुकानातून सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली तेव्हा ते खातं रिकामं होऊन गेलेलं होतं. तक्रारीचा नंबर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पैसे काही आले नाहीत. सागरच्या आईला ते २००० अजून माहीत नाहीत, म्हणूनच वर गावाचं नाव टाकलं नाही.